नळ, नळी आणि आटे

गावातील शाळेच्या आवारात पाण्याचा टँकर येऊन उभा राहतो. शाळेच्या जमिनीलगतच्या टाकीला भरणीचा पाइप काढलेला असतो. टँकरची नळी त्यास जोडावयाची व टाकी भरून घ्यावयाची, एवढेच काम. परंतु नळीच्या टोकाचा जोड पाइपावर दोन फेरे फिरतो आणि अडतो. कोणी जोर लावतो, कोणी जुने टायर कापून त्याची पट्टी गुंडाळतो, कोणी सुतळीने बांधतो. पाणी सुरू होताच निम्मे टाकीत आणि निम्मे अंगणात जाते. उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत पाण्याची किंमत काय असते, हे शिक्षकांना सांगावयास नको. अशा वेळी दोष टँकरवाल्यास किंवा टाकी बांधणाऱ्यास दिला जातो. वस्तुतः दोन्ही जोड निर्दोष असू शकतात. फक्त ते एकमेकांसाठी केलेले नसतात. त्यांच्यामध्ये बसविण्याचा लहानसा दुवा दुकानात मिळतो, मात्र नेमका कोणता मागावा हे ठाऊक पाहिजे.

नळाच्या टोकावर कोरलेल्या पेचदार खाचांस आपण आटे म्हणतो. आटा म्हणजे दंडगोलावर गुंडाळलेला उतार होय. वर्गात हे दाखविणे सोपे आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर चढत जाऊन जी रेषा दिसते तोच आटा. उतार जितका सौम्य, तितके आटे जवळजवळ येतात. दोन आट्यांमधील हे अंतर एका जोडाचे एक व दुसऱ्याचे दुसरे असले, तर ते दोघे एकमेकांत फार पुढे जाऊ शकत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडातील प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा खिळा दुसऱ्याच्या चाकीस लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रविशारदाने निरनिराळ्या कारखान्यांतील खिळे गोळा करून त्यांची मापे तपासली आणि १८४१ साली एक समान पद्धती सुचविली. तिच्यात आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा असून माथा व तळ किंचित गोल असतात. पुढे नळांसाठीही हाच आकार रूढ झाला. इंग्रजी अमदानीत रेल्वे आणि पाणीपुरवठ्याच्या कामांबरोबर तो आपल्याकडे आला, आणि आजही आपल्या घरांतील, शाळांतील व शेतांतील नळांवर बहुशः हेच आटे असतात. भारतीय मानकांनीही ते स्वीकारले आहेत. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, इंच व्यवहारातून गेला. पण नळाच्या दुकानात मात्र अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा इंच हीच भाषा राहिली. हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जेथे सारा व्यवहार मीटरमध्ये चालतो त्या जर्मनीतही नळाच्या आट्यांस इंचाचेच नाव आहे.

आता खरी अडचण येथे सुरू होते. शिक्षकांनी अर्धा इंची लोखंडी नळाचा एक तुकडा घेऊन मुलांस मोजावयास सांगावे. मुले पट्टी लावतील आणि गोंधळतील. कारण त्याच्या बाहेरच्या व्यासात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, कोठेच सापडत नाही. बाहेरून तो सुमारे २१ मिलिमीटर भरतो. आतून मोजला तरी तो अर्ध्या इंचाहून थोडा अधिकच असतो. याचे कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी लोखंडी नळांच्या भिंती जाड असत व आतील पोकळी अर्ध्या इंचाच्या जवळपास असे. पुढे चांगले लोखंड व पोलाद मिळू लागले, भिंती पातळ झाल्या. परंतु बाहेरचा व्यास बदलला असता तर जुने सर्व जोड निरुपयोगी झाले असते. म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला आणि आतील पोकळी वाढली. नाव मात्र जुनेच राहिले. माप मोजून नळ आणावयास गेलेला मनुष्य म्हणूनच फसतो. आट्यांवरून बाहेरचा व्यास मोजला असता अर्धा इंची नळ सुमारे २१ मिलिमीटर, पाऊण इंची २६.४, एक इंची ३३.२, सव्वा इंची ४१.९, दीड इंची ४७.८ आणि दोन इंची ५९.६ मिलिमीटर भरतो. हे आकडे शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात काही दिवस लिहून ठेवण्यासारखे आहेत.

प्लास्टिकच्या नळांनी ह्या गोंधळात आणखी भर घातली आहे. लोखंडी नळास मिलिमीटरमध्ये नाव देताना आतील पोकळीचे नाव देतात. म्हणून २० मिलिमीटरचा लोखंडी नळ म्हणजे पाऊण इंची. शेतीत व इतर पाणीपुरवठ्यात वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसी नळाचे माप मात्र बाहेरचे असते. तेथे २० मिलिमीटरचा नळ अर्ध्या इंचाशी जुळतो, २५ चा पाऊण इंचाशी, ३२ चा एका इंचाशी, आणि शेतकरी ज्याला नुसते ‘त्रेसष्टचा पाइप’ म्हणतात तो दोन इंचाशी. रबरी अथवा प्लास्टिकच्या लवचिक नळीचे माप पुन्हा आतील व्यासाचे. म्हणजे दुकानात तीन वस्तू मागितल्या आणि तिन्हींचा आकडा एकच सांगितला, तरी त्या एकमेकींस बसतीलच असे नाही. ‘वीसचा द्या’ एवढ्यावर न थांबता ‘लोखंडी नळाच्या पाऊण इंची आट्याला लागणारा’ असे सांगितले म्हणजे दुकानदाराचीही चूक होत नाही.

व्यास जुळला म्हणजे काम झाले असे नव्हे. एका इंचात किती आटे आहेत, हे पाहावे लागते. आपल्याकडील नळांत अर्धा आणि पाऊण इंची मापांस इंचास १४ आटे असतात. एक इंच व त्यापुढील नेहमीच्या मापांस ११. पाव इंची लहान नळांस १९ असतात. मोजण्याची रीत मुलांच्या हातची आहे. आट्यांवर पातळ कागद घट्ट दाबून त्यावर पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवावे; आट्यांचे माथे काळ्या रेघांच्या रूपाने उमटतात. अर्धा इंची नळावर आटे पाडलेला भाग पुरता एक इंचभरही नसतो, म्हणून अर्ध्या इंचातील मोजून दुप्पट करावे. येथे बहुतेक मुले एक चूक करतात. ती रेघा मोजतात. मोजावयाची असतात रेघांमधील अंतरे. अर्ध्या इंचात सात अंतरे असतील तर रेघा आठ दिसतात, आणि आठांची दुप्पट सोळा करून विद्यार्थी असा नळ शोधू लागतो जो नेहमीच्या दुकानात मिळणारच नाही. शाळेच्या कुंपणाचे खांब आणि खांबांमधील गाळे यांचे जे उदाहरण गणितात येते, तेच हे. फरक इतकाच, की येथे उत्तर चुकले तर पाणी गळते.

परदेशांतून आलेल्या काही यंत्रांवर, दाबमापकांवर व फवारणीच्या सामानावर अमेरिकन पद्धतीचे आटे आढळतात. त्यांचा कोन ५५ नसून ६० अंशांचा असतो. एक इंची मापात त्यांचे इंचास साडेअकरा आटे असतात, आपल्याकडे ११. हिशेब करून पाहावा: आपला एक आटा २.३०९ मिलिमीटर पुढे जातो, त्यांचा २.२०९. प्रत्येक फेऱ्याला एक दशांश मिलिमीटरचा फरक. पहिल्या फेऱ्यात तो कळत नाही, चौथ्या-पाचव्या फेऱ्यापर्यंत तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत साचतो आणि जोड आवळला जातो. अर्धा इंची मापाची गोष्ट अधिक फसवी आहे. तेथे दोन्ही पद्धतींत इंचास १४ च आटे आहेत. व्यासात मात्र सुमारे चार दशांश मिलिमीटरचा फरक आणि कोन वेगळे. जोड चार फेरे गोडीने बसतो, हाताला घट्ट लागतो, आणि दाब आला की आट्यांच्या पोकळीतून वळसे घेत पाणी बाहेर येते. मनुष्य अधिक आवळतो, आटे चिरडले जातात, आणि मग तो नळ कोणत्याच पद्धतीचा राहत नाही. अडले असता जोर लावू नये, उलगडून मोजावे. अनुभवी कारागीर जोड प्रथम नेहमी नुसत्या हाताने फिरवितो, पाना नंतर उचलतो, ते ह्याच कारणासाठी.

पाणी अडविण्याचे काम कोण करते, हाही प्रश्न आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. काही आटे निमुळते असतात: १६ मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने वाढतो. असा नळ आत फिरविताना पाचरीप्रमाणे घट्ट होत जातो व आट्यांतच पाणी अडते. आट्यांवर फीत किंवा सूत गुंडाळावयाचे ते येथे. दुसरे आटे सरळ असतात. ते फक्त दोन भागांस एकत्र ओढून धरतात. पाणी अडविते ते मधले रबरी वायसर. बागेच्या नळीचा फिरता नट, धुलाई यंत्राची नळी, पाण्याच्या मीटरचे नट हे ह्या जातीचे. वायसर हरवले असता त्या नटावर कितीही फीत गुंडाळली तरी गळती थांबत नाही. उलट दोन पैशांचे वायसर बसविले की थांबते. शाळेतील कित्येक गळके नळ निव्वळ वायसराअभावी गळत असतात. जोडाच्या अंगावर क्वचित अक्षरे कोरलेली असतात: ‘आर’ हे इंग्रजी अक्षर बाहेरच्या निमुळत्या आट्याचे, ‘जी’ हे सरळ आट्याचे. ती असल्यास काम सोपे होते.

फीत गुंडाळताना नळाचे तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे जोड फिरविताना ती उलगडत नाही, अधिक आवळते. पूर्वी तागाचे सूत आणि शिशाचा सफेदा लावीत. सूत आजही चालते. परंतु शिसे विषारी आहे, आणि लहान मुलांच्या शरीरावर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. पिण्याच्या पाण्याच्या नळावर शिशाचा सफेदा अथवा शेंदूर लावू देऊ नये. दुरुस्तीस आलेला कारागीर जुन्या वळणाचा असेल, तर शिक्षकाने हे त्यास आदरपूर्वक सांगावे.

प्लास्टिकचे आटे वेगळी काळजी मागतात. लोखंडी निमुळता नळ प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत फिरवून आवळला म्हणजे तो पाचरीसारखा वागतो आणि प्लास्टिकचा जोड उभा चिरतो. कित्येकदा त्याच दिवशी नव्हे, तर महिनाभराने, रात्री. म्हणून जेथे लोखंड आणि प्लास्टिक भेटतात तेथे बाहेरचे आटे प्लास्टिकचे व आतले धातूचे ठेवणे बरे; अथवा आत पितळी आटे बसविलेला प्लास्टिकचा जोड घ्यावा. दुकानात बाहेरच्या आट्यांच्या जोडास ‘एमटीए’ आणि आतल्या आट्यांच्या जोडास ‘एफटीए’ म्हणतात. ही अक्षरे अर्थासह लक्षात ठेवली की हेलपाटा वाचतो.

मध्ये बसविण्याचे दुवे पुष्कळ प्रकारचे आहेत. येथे त्यांतील थोड्यांचेच नाव घेणे पुरे. दोन बाहेरचे आटे जोडावयाचे तर सॉकेट, दोन आतले जोडावयाचे तर निपल, मोठ्यावरून लहानावर यावयाचे तर रिड्यूसर किंवा बुश. दोन्ही बाजूंनी पक्का बसलेला नळ फिरविता येत नाही, तेथे युनियन. आणि आट्यांवरून लवचिक नळीवर येण्यासाठी कडा असलेले नळीचे निपल. त्यावर नळी चढवून क्लिप आवळतात. दुवे शक्य तितके कमी असावेत. तीन दुवे एकापुढे एक लावून माप जुळविणे शक्य असते, पण प्रत्येक दुवा ही गळतीची नवी जागा होय. शिवाय मापाचा प्रश्न आहे. एक इंची नळात अर्धा इंची दुवा घातला की त्या जागी पोकळीचे क्षेत्रफळ जवळजवळ चौथाई होते. टाकी भरावयास का वेळ लागतो, याचे उत्तर अशा एखाद्या दोन बोटे लांबीच्या तुकड्यात दडलेले असते. पाचवीच्या मुलांनाही हे चौरस कागदावर काढून पटविता येते.

ह्या विषयाचे आपल्या राज्यातील उत्तम उदाहरण हातपंपाचे आहे. १९६०च्या दशकात विंधणविहिरींवर जे ओतीव लोखंडाचे पंप बसविले गेले ते मूळचे एका कुटुंबाच्या उपयोगासाठी आखलेले होते. सबंध गावाच्या उपशापुढे ते टिकेनात. जालना व सोलापूर येथे विंधणविहिरींचे काम करणाऱ्या संस्थांनी आपापल्या परीने मजबूत पोलादी पंप तयार केले. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने, १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला, आणि पुढे त्यास भारतीय मानक क्रमांक ९३०१ मिळाले. मानकाचा खरा लाभ असा, की एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपास लागू लागला. त्याच्या विहिरीत उतरणाऱ्या नळाचे माप ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच; नळाचे तुकडे तीन मीटरचे. तीस मीटर खोल उतरावयाचे तर दहा तुकडे आणि त्यांच्यामधील नऊ जोड. ह्यांतील एका जोडाचे आटे झिजले तर पाणी वर येता येता परत गळून जाते व मुले दांडा हापसत राहतात. आटे पार गेले तर खालचा सर्व नळ विहिरीत पडतो. शाळेच्या आवारातील पंप उशिरा पाणी देऊ लागला, म्हणजे आटे झिजले असण्याचा संभव असतो. नळ तुटण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीस कळवावे.

आगीच्या बाबतीत हीच गोष्ट भयंकर रूप घेते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास ७ फेब्रुवारी १९०४ रोजी आग लागली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेने धावून आले, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथूनही आले. पण पुष्कळांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळखांबांस लागेनात. बंब होते, माणसे होती, पाणीही होते. आटे जुळत नव्हते. आग सुमारे तीस तास जळली आणि पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. चौकशीत त्या देशात नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार चालू असल्याचे आढळले. १९०५ साली तेथे समान मानक ठरले. तरी ते सर्वांनी लगेच उचलले नाही: १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे डोंगरउतारावर आग लागली तेव्हा त्या शहराच्या नळखांबांचे तोंड तीन इंची आणि मदतीस आलेल्यांच्या नळ्या अडीच इंची, अशी पंचाईत पुन्हा झाली. आपल्याकडे अग्निशमनाच्या नळ्यांस पुष्कळ ठिकाणी आटेच नसतात. एक तोंड दुसऱ्यात ढकलले की कड्यांत अडकते. घाईत, अंधारात, ओल्या हातांनी फेरे मोजीत बसावे लागत नाही.

एकलहरे येथील मुलांना हे विषय परके नाहीत. गोदावरीच्या काठी तेथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले व आता बंद झाले आहेत. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभारले गेले. कोळशाने पाण्याची वाफ करावयाची व वाफेने चक्र फिरवावयाचे, हे त्याचे मूळ काम. म्हणजे सारे केंद्र एका अर्थी नळांचेच बनलेले आहे. परंतु तेथील मुख्य वाफेच्या नळांवर आटे आढळणार नाहीत. तेथे दाब वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक असतो, आणि आटा पाडणे म्हणजे नळाची भिंत खाचणे. जेथे भिंत सर्वांत मजबूत पाहिजे तेथेच ती पातळ करणे. म्हणून असे नळ वितळजोडाने एकजीव करतात. कमी दाबाच्या मोठ्या नळांस रुंद कडा ठेवून, मध्ये गास्केट घालून बोल्टांनी आवळतात. त्या कडांस फ्लँज म्हणतात. आटे असतात ते लहान नळांवर. केंद्रात काम करणाऱ्या पालकांपैकी एखाद्यास शाळेत बोलावून, टाकाऊ जोडांचे दहा-बारा नमुने मुलांसमोर मांडले, तर शिक्षकांचे निम्मे काम होईल. जेथे असे केंद्र नाही तेथे द्राक्षबागा आहेत; ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप आणि विहिरीवरील मोटारी यांच्या मोडक्या जोडांनी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी एखादा डबा भरलेला असतोच.

आटे मुद्दाम न जुळणारेही करतात. वेल्डिंगच्या कामात प्राणवायूच्या नळीचे आटे सुलटे आणि अ‍ॅसिटिलीन वायूच्या नळीचे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून बसणारे असतात. उलट्या आट्याच्या नटाच्या कडांवर खाच पाडून ठेवतात, म्हणजे हाताला कळते. एकाची नळी दुसऱ्यास लागूच नये, हाच हेतू. तेथे जुळवून घेण्यासाठी दुवा शोधणे हा अपघातास दिलेला होकार होय. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील गॅसच्या नळीस पाण्याच्या नळाचे निपल, क्लिप किंवा फीत लावून काम भागविण्याचा मोह होतो, तो टाळावा. गॅसची जोडणी गॅसच्या साहित्यानेच व वितरकाच्या माणसाकडून करून घ्यावी, आणि गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून पाहावे. काडी ओढून कधीही पाहू नये.

टाकीच्या भरणीचा पाइप कोणत्या मापाचा आहे, हे एकदा मुलांकडून मोजून घ्यावे आणि टाकीच्या भिंतीवर रंगाने, पाइपाच्या अगदी शेजारी, लिहून ठेवावे: ‘भरणी, दोन इंची, बाहेरचे आटे, इंचास ११.’ टँकर मागविताना हेच शब्द ग्रामपंचायतीस कळवावेत. पाइपास जोडावयाचा दुवा व दोन जास्तीची वायसरे एका कापडी पिशवीत घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावीत, आणि पिशवीची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या वहीत करावी. अन्यथा पुढील उन्हाळ्यापर्यंत ती सापडत नाही.